दगडापुढे बसणारी बाई

त्या नोकरीत मला माणसांचा तिटकारा आला. तो आधीच माझ्यात होता की तिथं आला, हे आता नेमकं सांगता येत नाही. पण ठाण्याच्या त्या संग्रहालयात मी जी अडीच-तीन वर्षं काढली, त्या काळात दाराच्या आत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस मला माझ्यावर चालून आल्यासारखा वाटायचा.

आमचं घर कल्याणला. मॅट्रिकच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवायला बसलो की ते पान अर्धं टाकून उठायचे. मी ठाण्याला मावशीकडे राहायला गेलो आणि मिळेल ती नोकरी धरली. ती ही.

संग्रहालय म्हणजे कचेरीच्या मागं असलेलं धान्याचं जुनं कोठार. जाड भिंती, उंच झरोके, आणि आत बाराही महिने गारवा. जिल्ह्यातल्या काही हौशी मंडळींनी वर्गणी काढून तिथं तीन दालनं मांडली होती. पहिल्यात पेंढा भरलेला वाघ आणि स्पिरिटात बुडवलेले साप. दुसऱ्यात हातभर उंचीचे मातीचे पुतळे, जिल्ह्यातल्या एकेका जातीचा एकेक, आपापल्या अवजारांसकट. तिसऱ्यात दगड. कुठून कुठून उचलून आणलेल्या मूर्ती, अक्षरं कोरलेले तुकडे, भंगलेले खांब. गावातले लोक या सगळ्याला अजबखाना म्हणायचे.

मंडळींचे चिटणीस पेन्शनीत निघालेले एक मामलेदार होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक कोरी वही दिली. तिन्ही दालनांच्या मधोमध एक उंच स्टूल होतं आणि समोर भिंतीवर घड्याळ. चिटणीस म्हणाले, "तुम्ही इथं बसायचं. कोण आलं, कुठल्या दालनात गेलं, कशापुढं थांबलं, किती वेळ थांबलं, काय केलं, सगळं लिहायचं. त्यांनी काय करावं असं आपल्याला वाटतं ते नाही. ते काय करतात ते. विलायतेत म्हणे असं पाहतात."

मी पाहायला लागलो.

लोक काही पाहायला येतच नव्हते. शेजारी कोर्ट होतं. तारीख असलेली माणसं उन्हातून आत यायची आणि वाघाच्या पायथ्याशी उपरणं पसरून झोपायची. एकाच खटल्यातले वादी-प्रतिवादी दोन कोपऱ्यांत बसून एकमेकांकडे डोळे वटारायचे. सापांच्या कपाटामागं एक वकिलाचा कारकून रोज कुणा ना कुणा साक्षीदाराकडून साक्ष घोकून घ्यायचा. भाजीवाल्या बायका पालेभाजी कोमेजू नये म्हणून टोपल्या दगडांच्या दालनात आणून ठेवायच्या. एकदा तर दोन कुटुंबांनी मुलगी दाखवायचा कार्यक्रम मातीच्या पुतळ्यांपुढं उरकला. मुलीला चालून दाखवायला सांगितलं, ती वाघापर्यंत गेली आणि परत आली. कपाटांवरच्या चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. त्या वाचण्यासाठी कुणी थांबलं अशी नोंद पहिल्या वर्षात मला एकदाच करता आली, आणि तो माणूसही चिठ्ठीमागं मेलेली पाल आहे म्हणून थांबला होता.

हे सगळं मी वहीत उतरवायचो आणि प्रत्येक ओळीगणिक माझा राग वाढायचा. कुणी वाघाच्या मिशीचा केस उपटून पळालं. औषधाला लागतो म्हणे. मी रस्त्यावर धावत जाऊन त्याला पकडलं, त्याच्या मुठीतून केस काढून घेतला आणि चारचौघांत त्याच्या तोंडात मारली. तो माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा होता. परत येऊन मी स्टुलावर बसलो तेव्हा मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

मग मी नियम करायला लागलो. थुंकू नये. झोपू नये. टोपल्या आणू नयेत. वस्तूंना हात लावू नये. मी पाटीवर लिहायचो आणि चिटणीस खाली सही करायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवायचो, तेही ओरडून. चैत्रातल्या एका दुपारी एक बाई तान्ह्या मुलाला पाजत खांबाआड बसली होती. नियमात ते कुठं नव्हतं. मी तिला उठवलं आणि बाहेर काढलं. तिनं उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून गेली. त्या दिवशी वहीत मी लिहिलं: स्त्री एक, मुलासह, अल्प काळ.

दगडांच्या दालनात चौदा नंबरचा एक दगड होता. कंबरभर उंच. वर चंद्रसूर्य, खाली ढाल-तलवार घेतलेला एक माणूस, त्याखाली पुन्हा तोच माणूस आडवा पडलेला. लढाईत मेलेल्या कुणा वीराची आठवण म्हणून असे दगड उभे करतात. सर्व्हेखात्यातल्या एका साहेबाला तो कोपर गावाजवळ खाडीच्या बांधावर दिसला होता. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून त्या बाजूची गावं मातीचे लांब बांध घालतात, तसला तो बांध. साहेबानं बारा माणसं लावून दगड उपटला, होडीत घातला आणि ठाण्याला पाठवून दिला. हे माझ्या आधीचं. मला फक्त चिठ्ठी लिहायला सांगितली होती.

ती बाई पहिल्यांदा आली ती एका अमावस्येच्या आदल्या दिवशी. चाळिशीची असावी. आगरी, काळीसावळी, उंच. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेले. वाघाकडे, सापांकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. सरळ दगडांच्या दालनात गेली आणि चौदा नंबरपुढं मांडी घालून बसली. मला वाटलं आता शेंदूर काढील, तेल काढील, नारळ फोडील. मी स्टुलावरून उतरून दारात उभा राहिलो. पण तिच्या हातात काहीच नव्हतं. ती दगडाशी बोलायला लागली.

"काय रं, बरा बसलास इकरं सावलीन! आन् आमचे खारीन पानी शिरला, तुना ठावं हाय का? तुजे बांधावं दरसाल कोंबरा कापला आमी. कनाला कापला? हितं बसाला?"

मला आधी काही कळेना. मग ध्यानात आलं, ती दगडाला शिव्या देत होती. त्याच्या आईचा उद्धार केला, बापाचा केला. भित्रा म्हणाली, निमकहराम म्हणाली. आवाज चढवला नाही. घरच्या कामचुकार माणसाला बोलावं तसं, एकेक गोष्ट मोजून दाखवत बोलत होती. दगड नेल्यापासून दुसऱ्याच पावसाळ्यात उधाणानं बांध फुटला होता आणि तिची खार, म्हणजे खाडीकाठचं भातशेत, मिठानं पांढरं पडलं होतं. दोन सालं तिथं भाताची काडी उगवली नव्हती. हे सगळं तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं.

मी म्हणालो, "बाई, इथं गडबड करायची नाही."

तिनं वळूनही पाहिलं नाही. "मी तुज्याशी नाय बोलत. मी याच्याशी बोलतंय."

मी घड्याळ पाहिलं. ती सव्वा तास बसली. मग उठली, लुगडं झटकलं आणि गेली. दगडाला हात लावला नाही. थुंकली नाही. नियमात बसणारी एकही तक्रार मला तिच्याविरुद्ध सापडली नाही आणि त्यामुळं मला ती जास्त खुपली.

महिनाअखेर वही पाहताना चिटणिसांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "सव्वा तास! एका वस्तूपुढं सव्वा तास? उत्तम! म्हणजे आपल्या प्राचीन शिल्पाची ओढ अशिक्षित स्त्रीलासुद्धा आहे. मी हे साहेबांना कळवतो."

"ती त्या दगडाला शिव्या देत होती," मी म्हणालो.

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. "ते लिहू नका. वेळ लिहा."

त्यानंतर ती दर अमावस्येच्या आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, उधाण यायच्या आधी येऊ लागली. कोपरहून होडीनं ठाण्याच्या बंदरापर्यंत, तिथून चालत. मी वेळ लिहायचो. कधी तास, कधी दीड. एवढा वेळ त्या इमारतीत एका ठिकाणी जागी बसणारी ती एकटीच. मी तिच्यावर पाळत ठेवायचो, काहीतरी चुकेल म्हणून. ती यायच्या दिवशी मला सकाळपासून अन्न गोड लागायचं नाही. एकदा मी मुद्दाम दगडाभोवती काथ्याची दोरी बांधली आणि ती इतकी लांबवर नेली की तिला दालनाच्या दाराशी बसावं लागलं. ती दाराशी बसली. फक्त आवाज थोडा मोठा केला.

एकदा मी तिला विचारलं, "दगडाला शिव्या देऊन बांध बांधला जातो का?"

या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं. "बांध आमी बांधतो, माजे हातानं बांधतंय. यो फकस्त हुबा ऱ्हायचा. तेवरंच काम व्हतं याचं. तेवरंच." मग म्हणाली, "तुजं पन तेवरंच दिसतंय."

मी त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात मोठं उधाण आलं. ठाण्याच्या बंदरावरच्या पायऱ्याही बुडाल्या. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ती आली. नेहमीचा दिवस नव्हता, आणि ती नेहमीसारखी नव्हती. कासोट्यापर्यंत चिखलानं माखलेली, डोळे लाल. पदरात काहीतरी बांधलेलं होतं. ती दोरी ओलांडून थेट आत गेली, पदर सोडला आणि फुटलेल्या बांधाचा काळा चिखल ओंजळीनं घेऊन त्या दगडाच्या तोंडावर थापला.

"घे! घे! खा आता!"

मी धावलो. मला आठवतं ते हे, की मी धावलो तेव्हा माझ्या मनात दगड नव्हता. इतके महिने जी संधी मी शोधत होतो ती मिळाली होती. मी मागून तिचं उजवं मनगट पकडलं आणि सगळ्या जोरानं पिरगाळलं. कचकन आवाज झाला. तिच्या हातातला सगळा चुडा माझ्या मुठीत फुटला. काचा माझ्या तळव्यात घुसल्या. मी हात सोडला तर हिरवे तुकडे फरशीवर पडले, आणि तिच्या मनगटावर रक्ताचे बारीक ओघळ आले.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मालक घरी जिता हाय माजा. आन् तू मना रांर केलीस?"

सवाष्णीच्या हातातला चुडा परक्या पुरुषानं फोडणं म्हणजे नवरा जिवंत असताना तिला विधवा करणं, हे मला कुणी सांगायला नको होतं. वाघाच्या दालनात झोपलेली माणसं उठून दारात जमली होती. मी कचेरीतल्या पट्टेवाल्याला हाक मारली आणि पोलीस बोलावले.

चिटणिसांनी फिर्याद केली. संग्रहालयातल्या वस्तूची खराबी आणि नोकराला अडथळा. दगडावरचा चिखल मी सोड्यानं धुतला तेव्हा त्यावर एक ओरखडाही नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही. खटला शेजारच्याच कोर्टात उभा राहिला. मी माझी वही घेऊन गेलो. इतके महिने मी स्टुलावरून पाहिलेली माणसं आता बाकांवर बसून मला पाहत होती.

मॅजिस्ट्रेटनं वही चाळली. "ही बाई दोन वर्षं येते आहे?"

"होय."

"यापूर्वी तिनं काही नुकसान केलं?"

"नाही."

"तिच्या बांगड्या कशा फुटल्या?"

चिटणीस पहिल्या बाकावर बसले होते. त्यांनी मला आदल्या दिवशी काही शिकवलं नव्हतं. शिकवायची गरज वाटली नसेल. मी म्हणालो, "तिनं स्वतः दगडावर हात आपटला."

"तुमच्या हाताला पट्टी कसली?"

"कपाटाची काच लागली."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा वकील नव्हता. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यालाच इचारा परत." पण मला कुणी परत विचारलं नाही. तिला सात दिवसांची साधी कैद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संग्रहालयाचं दार उघडलं तेव्हा बाहेर वीसएक माणसं उभी होती. कोपरची. काही बायका, काही पुरुष, एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढं. मी आडवा झालो. म्हातारा म्हणाला, "बगाला आयलो. बगाला मनाई हाय का?" मनाई नव्हती. ती सगळी आत आली आणि दगडांच्या दालनात जाऊन बसली. कुणी बोललं नाही, कुणी हात लावला नाही. विडीसुद्धा ओढली नाही. संध्याकाळी दार बंद करायची वेळ झाली तेव्हा उठून गेली.

तिसऱ्या दिवशीही आली. मी नवा नियम लिहिला, दालनात बसू नये, आणि तो वाचून दाखवला. ती माणसं उठून उभी राहिली. दिवसभर उभी राहिली. मधूनमधून दोघं-चौघं बाहेर जाऊन भाकरी खाऊन यायची आणि त्यांच्या जागी दुसरी उभी राहायची. कोर्टात आलेली माणसं दारातून डोकावायची आणि परत जायची. वाघापाशी झोपायला कुणी येईना. भाजीवाल्यांनी टोपल्या आणणं बंद केलं. हे सगळं जे मी तीन वर्षं आरडाओरडा करून थांबवू शकलो नव्हतो, ते त्यांनी गप्प उभं राहून थांबवलं.

मी स्टुलावर बसून लिहीत होतो. आगरी, स्त्री-पुरुष एकवीस, दगडांचे दालन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चौथ्या दिवशी तीच ओळ पुन्हा लिहायला वाकलो आणि वर पाहिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांच्यातलं कुणीही दगडाकडे पाहत नव्हतं. सगळी माझ्याकडे पाहत होती. कधीपासून पाहत होती कोण जाणे. मी उठून पहिल्या दालनात गेलो, तर दाराशी उभ्या असलेल्यांची तोंडं तिकडे वळली. मावशीनं दिलेला डबा मी उघडला नाही. कुणी मला शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. त्यांच्या नजरेत रागसुद्धा नव्हता. भरतीची वेळ पाहावी तशी ती माणसं मला पाहत होती.

पाचव्या दिवशी मी ओरडलो. "चला, निघा! काय पाहता? काय आहे इथं पाहायला?"

म्हातारा म्हणाला, "आमी नेम मोरला का कंचा? सांगा. मोरला आसंल तर जातो."

मी पाटीकडे पाहिलं. तिच्यावर सगळे नियम माझ्याच अक्षरात होते, आणि त्यातला एकही मोडलेला नव्हता.

सहाव्या दिवशी सर्व्हेखात्यातला तो साहेब आला. चिटणिसांनी कळवलेल्या मजकुरावरून तो खूश होता. चिटणीस त्याला घेऊन आले, पुतळे दाखवले आणि मग वही उघडून सव्वा तास, दीड तास असे आकडे दाखवले. तिसऱ्या दालनात उभी असलेली गर्दी पाहून तर साहेब थक्कच झाला. त्याला मराठी बरं येत होतं. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "हा दगड तुम्हाला फार आवडतो?"

म्हातारा म्हणाला, "दगर आमचाच हाय, सायेब. आमी दगर बगाला नाय आयलो. तुमी हितं काय काय जपून ठेवता, ते बगाला आयलो." आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आमचे बाईचा चुरा यानं फोरला. आन् तुरुंगात ती हाय."

साहेब माझ्याकडे वळला. चिटणीस नकाराची मान हलवत होते, हळू, फक्त मला दिसेल इतकीच. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार ते मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या हातून फुटला. मी कोर्टात खोटं बोललो."

मी पट्टी सोडून तळवा दाखवला. साहेबानं तो पाहिला. मग चिटणिसांना म्हणाला, "खटल्याचा निकाल लागला आहे ना?"

"लागला, साहेब."

"मग तो कोर्टाचा विषय." तो दगडापाशी वाकला, चंद्रसूर्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "याच्यावर लोकांचं एवढं लक्ष आहे. असा नमुना इथं कोपऱ्यात राहणं बरं नाही. मुंबईला पाठवा."

मला पश्चात्ताप झाला होता, असं मी आजही म्हणणार नाही. ती चाळीस डोळ्यांची नजर मला सहन होईना, म्हणून मी बोललो. ते कारण मला तेव्हाही ठाऊक होतं आणि म्हाताऱ्यालाही असावं, कारण त्यानं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. साहेब गेल्यावर त्यानं सगळ्यांना खूण केली आणि ती माणसं निघून गेली. सातव्या दिवशी ती माणसं तिला न्यायला तुरुंगाच्या दारात होती, संग्रहालयात नाही.

चिटणिसांनी मला दुसऱ्याच सकाळी काढलं. "तुम्ही मला साहेबांपुढं खाली पाहायला लावलंत," एवढंच म्हणाले. वही माझ्याकडून मागून घेतली. दगड पंधरवड्यात बैलगाडीवर घालून बंदरावर गेला. तो नेताना कोपरचं कुणी आलं नव्हतं. तो मुंबईत कुठल्या इमारतीत आहे ते मला ठाऊक आहे. मी पाहायला गेलो नाही.

मी कल्याणला परत आलो. वडील तेव्हाही बोलत नव्हते, त्यामुळं काय झालं ते सांगावं लागलं नाही. भाद्रपद सरल्यावर एके दिवशी मी पायी कोपरला गेलो. का गेलो याची मी तेव्हा स्वतःला बरीच कारणं दिली. खाडीकडेनं वाट होती. ठिकठिकाणी बांध खचलेला, आणि आतल्या शेतांवर मिठाची पांढरी साय. गावात तिच्या घराची खूण विचारली तर एका बाईनं मला ओळखलं आणि तोंड फिरवून आत गेली. शेवटी घर सापडलं. ओट्यावर तिचा नवरा बसला होता, एका पायानं अधू, टोपली विणत. त्यानं मला पाणी विचारलं नाही. "बांधावं हाय," म्हणाला, आणि विणत राहिला.

ती बांधावर होती. दहाबारा बायका चिखलाच्या पाट्या डोक्यावरून आणून टाकत होत्या आणि पुरुष तो पायांनी तुडवत होते. मला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. तिनं पाटी उतरवली नाही. तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. पाटीला धरलेला उजवा हात रिकामा होता. एक बांगडीसुद्धा नव्हती.

मी म्हणालो, "मी साहेबासमोर खरं सांगितलं."

"आयकलं."

"कोर्टात खोटं बोललो. ते चुकलं."

"कोर्टान सांगाचं व्हतंस. हितं सांगून काय? हितल्या समद्यांना ठावं हाय."

मला तिच्या हाताबद्दल विचारायचं नव्हतं, पण नजर तिथंच जात होती. तिनं ते पाहिलं.

"कासार दोन येला येऊन गेला," ती म्हणाली. "मालक बोलतो भर. सासू ररते. गाव नावां ठेवते, सवाष्णीचा हात मोकला म्हनून. ठेवू दे. दगर परत येईल तवा भरंन. नाय आयला तर यो हात आसाच ऱ्हानार. जो इचारंल त्याला सांगंन कोनी फोरला."

"मी काही करू शकतो का?"

"बाजूला हो. वाट आरवलीस."

मी बाजूला झालो. ती पुढं गेली, पाटी उपडी केली आणि परत निघाली. मी उभा होतो तिथं खरोखरच वाट अरुंद होती. प्रत्येक बाईला माझ्याभोवतून वळसा घालून जावं लागत होतं, आणि एकीनंही माझ्या अंगाला पदर लागू दिला नाही. मग मी परत फिरलो.

पुढं मी कल्याणला एका खासगी शाळेत मास्तर झालो आणि तिथंच म्हातारा झालो. मुलांना मी कधी मारलं नाही, पण त्यांच्यावर मायाही केली नाही. बाजाराच्या दिवशी कोपरची माणसं कल्याणला सुकी मासळी आणि मीठ घेऊन यायची. त्यांच्यात ती असायची. वर्षांमागून वर्षं असायची. केस पिकले, कंबर वाकली, डाव्या हातातला चुडा विरळ होत गेला. मला लांबून पाहिलं की ती डोक्यावरची टोपली डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे घ्यायची आणि तो रिकामा हात वर धरून, माझ्यासमोरून, सावकाश चालत जायची.